पंखा सोडून बाकी सगळं बघ

३ मे

ती. मामांस,
तुमच्या चुंबकाचे सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर मी गाडीचं रडगाणं गायले आणि तुम्ही तीन वेळा ‘बरं बरं, छान’ म्हणालात. इंजिन उकळतंय यात छान काय ते मला कळलं नाही. मग तुम्हीच सांगितलंत की लाइनमध्ये फार खरखर आहे. म्हणून आता कागदावर लिहिते. कागदात खरखर नसते.

तर पत्र लिहिण्यास कारण की गाडी तापते. मागच्या थंडीत तुम्ही आला होतात, जळलेला पंखा काढून भंगारातला दुसरा बसवून दिला होतात, त्यानंतर तीन महिने तिने कुरकुर केली नाही. तेव्हा ती तुमचे जावई वापरत होते. (तुम्ही त्यांना मास्तर म्हणता, आता मीही मास्तरच म्हणते. गणिताच्या वह्या तपासता तपासता ते माझं बोलणंही तपासतात.) शाळेचा रस्ता मोकळा, सकाळची गार हवा, गाडी खूश. मार्चपासून गाडी माझ्याकडे आली आणि तिचं डोकं फिरलं.

माझं नवीन काम तुम्हाला माहीत आहे. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, बर्फाच्या पेटीत ठेवायचे आणि साडेनऊच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे. रोजची एकोणीस घरं, आणि सगळी नेमकी जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत. दहा पावलं चालायचं, पाच मिनिटं थांबायचं. सातव्या घरापर्यंत काटा लाल रेघेला टेकतो. मग बॉनेट उघडून मी रस्त्याच्या कडेला वीस मिनिटं उभी. येणारेजाणारे थांबून सल्ले देतात. फुकटचे सल्ले ऐकण्यात मी आता तरबेज झाले आहे.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने गाडीला हात न लावता सांगितलं की हेड गास्केट गेलं. म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमध्ये जो पातळ पत्रा असतो तो फाटला, आता सगळं इंजिन खोलावं लागेल. त्याने सांगितलेला आकडा मी इथे लिहीत नाही, तुमचा रक्तदाब मला माहीत आहे. छपराच्या दुरुस्तीत आमची पुंजी आधीच संपली. एक भंगारवाला मात्र गाडी आहे तशी उचलून न्यायला तयार आहे. तो फार प्रेमाने बोलतो.

खरी काळजी पुढेच आहे. प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी मला एक जूनपर्यंत मुदत दिली आहे. तोवर गाडी धड झाली तर मी कायम, नाहीतर माझी एकोणीस घरं दुसऱ्या कुणाला. बाई वाईट नाहीत, पण रक्त थांबत नाही असं त्या म्हणतात आणि त्यांचं खरं आहे. मामा, हे काम मला आवडतं. पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा असं काहीतरी हाताला लागलं आहे जे मला नीट जमतं.

तुम्ही सांगाल तसं करीन. लहानपणी तुमच्या गॅरेजात दोऱ्याला चुंबक बांधून जमिनीवरचे नटबोल्ट उचलत फिरायचे, तेवढंच माझं शिक्षण. पण हात काळे करायची तयारी आहे.

मामीला नमस्कार. गाडी राहो न राहो, तुमचा लोभ तेवढा थंड पडू देऊ नका.

तुमची,
चुंबक


८ मे

चि. चुंबक हीस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. फोनवाले चोर आहेत, तेव्हा पत्रच बरे.

गॅरेजवाल्याने हात न लावता निदान केले म्हणजे तो ज्योतिषी आहे, मेकॅनिक नव्हे. त्याला गाडीची पत्रिका दाखव, बॉनेट दाखवू नकोस. आणि भंगारवाल्याच्या प्रेमाला भुलू नकोस, गाडी गेली की ते ओसरते.

मी सांगेपर्यंत पैसा खर्च करायचा नाही. चाळीस वर्षं मी एकच नियम पाळला, आधी वही आणि मग पाना. गाडी काय झाले ते स्वतःच सांगते, लोक ऐकायच्या आधी खोलायला घेतात. उद्यापासून एक वही जवळ ठेव. काटा कधी चढला, तेव्हा गाडी चालत होती की उभी होती, वेग किती होता, सगळे लिहायचे. गाडी फारच तापली तर आतला हीटर पूर्ण सुरू कर. मे महिन्यात भाजून निघशील, पण इंजिनाची थोडी गरमी तुझ्याकडे येईल आणि काटा उतरेल. तो इलाज नाही, डोकेदुखीवरची पट्टी समज.

आता हेड गास्केटचे. सकाळी गाडी पूर्ण गार असताना, आणि गार म्हणजे रात्रभर उभी राहिलेली, रेडिएटरचे झाकण उघड. गरम असताना उघडलेस तर उकळते पाणी तोंडावर येईल आणि तुझ्या मामीला मी काय उत्तर देऊ. झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू कर. आतल्या पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर ज्योतिषी खरा. ऑइलची पट्टी काढून बघ. ऑइल दुधाळ झाले असेल तरीही तो खरा. दोन्ही नसेल तर तो खोटा, आणि मी तुझ्या पैशाने त्याला एक चहा पाजीन.

मग पाणी कमी होते का बघ. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथर, सकाळी डाग आहे का बघ. रेडिएटरच्या जाळीत किडे आणि माती अडकली असेल तर नळीने धुऊन काढ, पण पाणी हळू सोड, जाळी नाजूक असते. शेवटी थर्मोस्टॅट. तो म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा. गार असताना बंद, तापले की उघडतो. वरच्या जाड पाइपच्या तोंडाशी दोन बोल्ट आहेत, तू लहानपणी ते डोळे मिटून काढले असतेस. काढून पातेल्यात पाण्यात टाक आणि उकळ. उघडला तर चांगला. नाही उघडला तर नवा आण, तो फार महाग नसतो. पातेले नंतर स्वयंपाकाला वापरू नकोस.

पंखा सोडून बाकी सगळं बघ. पंखा मी स्वतः बसवलेला आहे, त्याच्यावर वेळ घालवू नकोस.

मास्तरांना आशीर्वाद. म्हातारा लांब आहे म्हणून लोभात तूट समजू नये.

तुझा,
मामा

ता. क. मामीचा: बाळ, फोनची लाइन चांगली आहे. काल मी त्याच फोनवर माझ्या बहिणीशी तासभर बोलले. बाकी सावकाश लिहीन.


१३ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गॅरेजवाल्याला चहा पाजायला हरकत नाही, तो खोटा निघाला. बुडबुडे नाहीत. ऑइल जसं असावं तसं, मधासारखं. गाडीखालच्या वर्तमानपत्रावर तीन सकाळी एक थेंब नाही, आणि मास्तरांनी त्यातलं शब्दकोडं गाडीखाली वाकून सोडवलं. रेडिएटर धुतला. त्यातून मुंग्यांचं अख्खं गाव निघालं, पण गाडी तशीच तापते.

थर्मोस्टॅटचं म्हणाल तर बोल्ट डोळे उघडे ठेवूनही अर्धा दिवस निघाले नाहीत. शेवटी निघाले. पातेल्यात उकळला, पाणी सळसळायला लागलं आणि तो हळूच तोंड उघडून माझ्याकडे बघायला लागला. मला इतका आनंद झाला की मी मास्तरांना हाक मारून बोलावलं. मग लक्षात आलं की तो चांगला निघाला म्हणजे रोग अजून सापडलेला नाही. पुन्हा बसवला. पातेलं तुमच्या आज्ञेप्रमाणे आता झाडांना पाणी घालायला ठेवलं आहे.

वहीचं काम मास्तरांनी माझ्या हातून काढून घेतलं. मी नुसते आकडे आणते, ते आलेख काढतात. एक सोबत पाठवत आहे. तांबडी रेघ काट्याची, निळी वेगाची. तुम्हीच बघा, गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की तांबडी रेघ आपोआप खाली येते. गल्लीत शिरली, उभी राहिली, की वर. तीन दिवसांत एकदाही उलटं झालेलं नाही. मास्तर याला व्यस्त प्रमाण म्हणतात. मी याला छळ म्हणते.

तुम्ही नको म्हणालात तरी पंख्याकडे एकदा बघितलंच. तो बिचारा उत्तम चालतो. काटा चढला की आपण होऊन सुरू होतो, आणि इतका जोरदार आहे की गाडीसमोरचा पाला उडून पार रस्त्याच्या पलीकडे जातो. भंगारातून काय माल उचललात तुम्ही.

आता वाईट बातमी. परवा दोनदा थांबावं लागलं आणि प्रयोगशाळेत पोचायला सव्वादहा वाजले. बर्फ संपला होता. नऊ नमुने फेकून द्यावे लागले. त्या नऊ घरी परत जाऊन पुन्हा सुई टोचावी लागली. त्यातल्या एक आजी आहेत, त्यांची शीर सापडता सापडत नाही, मला रोज पंधरा मिनिटं लागतात. त्यांनी आपण होऊन दुसरा हात पुढे केला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी येऊन मी रडले, हे फक्त तुम्हाला सांगते. मास्तर समोरच होते, त्यामुळे त्यांना सांगावं लागलं नाही.

मोठ्या बाईंनी पुन्हा एक जूनची आठवण करून दिली. भंगारवाल्याला मी तीस तारखेला या म्हटलं आहे. तोवर काही झालं नाही तर गाडी देऊन टाकीन. तुमच्यावर विश्वास आहे, पण माझ्याकडे दिवस उरलेले नाहीत.

मामीची तब्येत कशी आहे? तुमच्या पत्राची वाट बघते आहे, आणि लोभाची नेहमीच बघते.

तुमची,
चुंबक


१९ मे

चि. सौ. चुंबक हिला,
मामीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सतरा तारखेला आलं. तेव्हापासून तुझे मामा जेवणाच्या टेबलावर तो आलेख पसरून बसले आहेत. जेवायला वाढू तर कुठे वाढू. मागची खोली त्यांनी दोन दिवसांत तीनदा झाडली. माणूस एवढा स्वच्छ झाला की मला काळजी वाटते.

तुला एक सांगायचं होतं, ते आता सांगते. त्यांना ऐकू येत नाही. थोडंसं नव्हे, बरंच. दीड वर्ष झालं. दार वाजलेलं कळत नाही, किटली शिट्टी मारून मारून कोरडी होते. विचारलं की म्हणतात, लोक हल्ली पुटपुटतात. मी पुटपुटते, तू पुटपुटतेस, बातम्या देणाऱ्या बाई पुटपुटतात. सगळं जग पुटपुटतं आणि हे एकटे स्पष्ट. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की बाहेर जाऊन बसतात. गॅरेज बंद केलं ते गुडघ्यांसाठी असं सगळ्यांना सांगितलं, मीही तेच सांगत आले. गुडघे ठणठणीत आहेत. एका गिऱ्हाइकाने इंजिनातला आवाज दाखवला आणि यांना तो ऐकूच आला नाही, त्याच आठवड्यात शटर खाली ओढलं.

मी हे लिहिलं असं त्यांना कळू देऊ नकोस. पण काल ते आलेखावर बोट ठेवून म्हणाले, पोरीचं काम माझ्यामुळे जाईल. कसं ते सांगेनात. आज सकाळी लिहायला बसले आहेत आणि तिसरा कागद फाडला. चौथा फाडला नाही तर पाठोपाठ येईलच.

जपून राहा. रडू आलं तर मलाही लिहीत जा, सगळं मामांनाच काय सांगतेस. मामीच्या लोभाला कधी झाकण नव्हतं.

तुझी,
मामी


२० मे

चि. चुंबक हीस,
अ. उ. आ.

हे पत्र मला तीन दिवसांपूर्वी लिहायला हवे होते. लिहिले नाही, याचे कारण खाली येईल.

मास्तरांचा आलेख चोख आहे. मोकळ्या रस्त्यावर वारा आपण होऊन रेडिएटरमध्ये शिरतो आणि पाणी गार करतो. गाडी उभी राहिली की वारा थांबतो, मग ते काम पंख्याने करायचे. म्हणजे चालताना गार आणि थांबल्यावर गरम असेल तर दोष पंख्याचा. हे मी तुझ्या पहिल्याच पत्रावरून ओळखायला हवे होते. ओळखलेही असेल. पण तो पंखा मी बसवला होता, म्हणून तुला सगळीकडे फिरवले आणि नेमका तेवढाच कोपरा बघू नकोस म्हटले.

आणि मग तू लिहिलेस की पंख्याच्या जोराने गाडीसमोरचा पाला उडून जातो. ते वाचले आणि मला घाम फुटला. पोरी, हा पंखा रेडिएटरच्या मागे असतो. त्याने पुढची हवा जाळीतून आत ओढायची असते. समोरचा पाला त्याच्याकडे यायला हवा. तो लांब उडतो याचा अर्थ पंखा उलटा फिरतो आहे. इंजिनाची गरम हवाच तो रेडिएटरवर फेकतो. फिरताना दिसतो छान, म्हणून कुणालाही तो चांगलाच वाटेल.

अशा मोटरीला दोनच तारा असतात. उलटसुलट जोडल्या की मोटर उलटी फिरते. भंगारातल्या त्या मोटरीच्या दोन्ही तारा काळ्या होत्या, टोकाची जोडणी कापलेली होती. मी अंदाजाने जोडल्या. अंदाजाने जोडण्यात चूक नाही, सगळेच तसे जोडतात आणि मग तपासतात. शिकाऊ लोक कागद धरून तपासतात. मी कधी धरला नाही. पंखा हवा ओढतो आहे की ढकलतो आहे, ते मी चाळीस वर्षं कानाने ओळखले. ओढणारा घोगरा असतो, ढकलणारा पातळ. माझे गिऱ्हाईक त्याची गंमत बघायला थांबत असे.

त्या दिवशी तू आत बसून इंजिन चालू ठेवलेस आणि मी बॉनेटवर वाकलो. पाती फिरताना दिसली. ऐकू काही आले नाही. घोगरे नाही, पातळ नाही, काहीच नाही. तेव्हा मी तुझ्याकडे एक कागद मागायला हवा होता. तू लहानपणापासून मला कानाने गाड्या ओळखताना बघितले आहेस, तुझ्यासमोर कागद मागायची मला लाज वाटली. मी बॉनेट आपटले आणि झक्कास म्हणालो. तू मला गरम चहा दिलास.

तुझे नऊ नमुने माझ्या त्या झक्कासमुळे गेले. त्या आजींचा दुसरा हातही. हे लिहिणे मला जड गेले, पण तुला हे माझ्याकडूनच कळायला हवे.

आता काम. हे पान मी मुद्दाम पातळ घेतले आहे आणि मागची बाजू कोरी ठेवली आहे. गाडी उभी करून इंजिन चालू ठेव. पंखा सुरू झाला की गाडीच्या समोर उभी राहा आणि हे पान जाळीपासून चार बोटं लांब धर. चिकटले तर पंखा बरोबर आहे, मग ज्योतिष्याच्या पाया पडावे लागेल. उडाले तर इंजिन बंद कर, गाडी गार होऊ दे, बॅटरीची एक तार सोडव. किल्ली काढली तरी पंखा आपण होऊन फिरू शकतो, तेव्हा बॅटरी सोडवल्याशिवाय हात आत घालायचा नाही. मग मोटरीजवळ मी गुंडाळलेली काळी पट्टी दिसेल, ती सोड, दोन्ही तारांची अदलाबदल कर, नवी पट्टी घट्ट गुंडाळ. नव्या पट्टीचे पैसे तेवढे खर्च कर.

आयुष्यात पहिल्यांदा, मी केलेले काम चुकलेले निघावे असे मला मनापासून वाटते आहे. निकाल लगेच कळव. लोभ ठेव असे म्हणायला या वेळी संकोच वाटतो, तरी ठेव.

तुझा,
मामा


२५ मे (कार्डावर)

ती. मामांस, सा. न. वि. वि. पान उडालं आणि थेट माझ्या तोंडावर येऊन बसलं. तारा बदलल्या. पुन्हा धरलं. चिकटलं, आणि हात काढला तरी चिकटूनच राहिलं. आज एकोणीस घरं, काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. पोचले नऊ वाजून पाच मिनिटांनी. टपालाची पेटी उघडायची वेळ झाली म्हणून थांबते. तुमची चुं.


१ जून

ती. मामांस आणि मामीस,
तुमच्या कायम नोकरी लागलेल्या चुंबकाचे सा. न. वि. वि.

वरच्या ओळीतच सगळं सांगून टाकलं, कारण शेवट आधी कळल्याशिवाय तुम्हाला पत्र वाचवत नाही हे मला माहीत आहे. आज सकाळी मोठ्या बाईंनी माझ्या हातात कागद दिला. त्या म्हणाल्या की सात दिवस मी सगळ्यांच्या आधी येते आहे, आता जरा उशिरा आले तरी चालेल. मी म्हटलं, रक्त थांबत नाही. बाईंना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

चोवीस तारखेचं सविस्तर सांगते. पत्र हातात पडलं तेव्हा मी नुकतीच तापलेली गाडी घेऊन घरी आले होते, त्यामुळे इंजिन तयारच होतं. पान घेऊन समोर उभी राहिले. मास्तर बाजूला वही घेऊन, प्रयोग म्हटल्यावर ते आलेच. पंखा सुरू झाला आणि तुमचं पत्र फाडकन माझ्या नाकावर. मास्तरांनी वहीत लिहिलं, ‘उडालं.’ मग दोन तास गाडी गार होण्याची वाट बघितली, माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दोन तास. तारा सोडवायला, बदलायला आणि पट्टी गुंडाळायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. खर्च पट्टीचा, बस.

पुन्हा इंजिन तापवलं, पुन्हा पान धरलं. या वेळी जाळीने ते माझ्या हातातून ओढून घेतलं. मी तिथेच फूटपाथवर बसून घेतलं. मास्तर खाली वाकून विचारत होते की काय झालं, आणि मला हसू येत होतं की रडू ते माझं मलाच सांगता येईना. गाडी गुरगुरत होती, कागद चिकटलेला होता आणि काटा खाली येत होता. इतकं हलकं मला किती महिन्यांत वाटलं नव्हतं.

भंगारवाला तीस तारखेला दोर घेऊन आला. त्याला चहा दिला आणि परत पाठवला. जाताना म्हणाला, पुन्हा कधी बिघडली तर आठवण ठेवा. गॅरेजवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, पंखा उलटा होता हे मला आवाजावरून वाटलंच होतं. आजींना सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, मग आता घाई नाही ना, सावकाश शोध शीर. काल पहिल्याच खेपेला सापडली.

आता तुमच्या त्या झक्कासबद्दल. मामा, मी रागावलेले नाही. पंखा जळला तेव्हा तुम्ही एक रात्र बसने प्रवास करून आला होतात, पदरचा पंखा घेऊन. तुम्ही बसवला नसता तर गाडी थंडीतच गेली असती आणि हे कामच मला मिळालं नसतं. लाज वाटली असं तुम्ही लिहिलंत, ते मात्र मला पटलं नाही. तुमच्यासाठी एक कागद आणून द्यायला मला किती वेळ लागला असता?

तेव्हा तुमची मजुरी आता मी ठरवते. तुम्ही मला शिकवलंत की दुखणं स्वतःच सांगतं, आपण ऐकायच्या आधी भलतीकडेच शोधतो. तुम्ही सगळं तपासलंत, फोन, लाइन, पुटपुटणारे लोक. एकच जागा सोडून. तीही आता तपासून घ्या. मामीने मला काही सांगितलेलं नाही, मीच ओळखलं. (मामी, एवढं खोटं चालेल.)

सोबत ते पान परत पाठवते आहे. मागच्या कोऱ्या बाजूवर जाळीच्या बारीक रेघा उमटल्या आहेत बघा. काम बरोबर झाल्याचा तुमचा दाखला म्हणून जपून ठेवा. आणि आमच्यावरचा जीव तेवढा असाच ओढता असू द्या.

तुमची,
चुंबक


१६ जून

चि. चुंबक हीस,
अ. उ. आ.

पान पोचले. मामीने ते कपाटाच्या आरशावर लावले आहे, दाढी करताना रोज दिसते. तिने तुला काही सांगितले नाही हेही समजले. तुम्ही दोघी इतक्या वाईट खोटे बोलता की ऐकू न येताही कळते.

कानाच्या दवाखान्यात गेलो. मोटारीच्या टपाएवढ्या एका खोक्यात मला बसवले आणि आवाज आला की बटण दाब म्हणाले. मी बराच वेळ आवाजाची वाट बघत बसलो. बाहेर आलो तर तपासणारी मुलगी म्हणाली की आवाज कधीचे येऊन गेले. तिने तुझ्या मास्तरांसारखाच आलेख काढून दाखवला, तांबडी आणि निळी रेघ. बारीक आवाजांची बाजू पार खाली गेलेली. आलेखापुढे मी वाद घालत नाही, हे तुला माहीत आहे. ती मुलगी कामाची आहे. घाई करत नाही, आधी वही मग पाना. माझे कानाचे यंत्रही मी नवे घेतले नाही, त्यांच्याकडेच दुरुस्त केलेले एक होते. भंगारातला माल मला लाभतो.

यंत्र लावून घरी आलो तेव्हा पहिल्यांदा माझ्याच चपलांचा आवाज ऐकू आला. कोण मागून येते आहे म्हणून दोनदा वळून बघितले. घड्याळ टिकटिक करते, ते बंद पडले आहे असे मी वर्षभर समजत होतो. आणि तुझी मामी भांडी घासताना गुणगुणते. लग्नापासून गुणगुणायची, मला वाटले होते की तिने सोडून दिले. मी विचारले, पुन्हा कधी सुरू केलेस? ती म्हणाली, थांबवले कधी होते? मग मी थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो. या वेळी कारण वेगळे होते.

तुझी नोकरी पक्की झाली हे मामीने वाचून दाखवले. मी स्वतः वाचू शकतो, पण तिला म्हटले, मोठ्याने वाच. एक शब्दही पुटपुटली नाही.

आता तुझ्याकडे एक काम आहे. येत्या रविवारी दहा वाजता फोन कर. लाइन सुधारली आहे. लगेच बोलायला लागू नकोस. गाडी तापवून ठेव, बॉनेट उघड, पंखा सुरू झाला की फोन त्याच्याजवळ धर, जरा लांबूनच, आणि मी सांगेपर्यंत धरून ठेव. घोगरा आहे का ते मला माझ्या कानाने ऐकायचे आहे. पंख्याचे झाले की मग तू बोल. सगळे पहिल्यापासून सांग, एकोणीस घरांचे, त्या आजींचे, मोठ्या बाईंच्या हसण्याचे. मी मधे बरं बरं म्हणणार नाही.

लोभ होताच. आता तो ऐकूही येईल.

तुझा,
मामा